ईईजीआधी तेल नको, घाम नको

संपादक महोदय,

ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख काढणारी तपासणी. या लहरी मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागात, मोजाव्या लागतात, त्यामुळे केसांतलं तेलसुद्धा ईईजीचा आलेख बिघडवतं. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवावेत. नंतर तेल, कंडिशनर, जेल काहीही नको. तंत्रज्ञाने इलेक्ट्रोडखालची (लहरी टिपायला डोक्याला लावतात त्या छोट्या चकत्यांखालची) त्वचा हलकेच घासून प्रत्येक ठिकाणचा विद्युत रोध ५ किलोओहमच्या खाली आणि सगळीकडे जवळपास सारखा आणावा. एखाद्याच इलेक्ट्रोडचा रोध जास्त राहिला की विजेचा ५० हर्ट्‌झचा गोंगाट तिथून शिरतो. अशा वेळी नुसता नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळणारा) लावून मोकळं होणं चुकीचं आहे. आधी तो इलेक्ट्रोड पुन्हा बसवा, जवळचे मोबाइल चार्जर काढा, वायरी एकत्र बांधा. इलेक्ट्रोड बसवायची पेस्ट जास्त झाली तर पसरून शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडते आणि तिथली रेषा जवळपास सपाट येते.

मुंबईत खरा त्रास घामाचा. त्याने रेषा संथपणे वरखाली डोलते. ते डोलणं गाळायला फिल्टर वाढवला तर मेंदूच्या खऱ्या संथ लहरीही पुसल्या जातात, म्हणून खोलीतला एसी चालू हवाच.

रुग्णालयांनी तपासणीची तारीख देतानाच या सूचना मराठीत छापून द्याव्यात. फिटच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करू नयेत.

– काही ईईजी तंत्रज्ञ, परळ, मुंबई