मंजिरी, ताटं इतक्यात देऊ नकोस

पुणे,
१२ जुलै

प्रिय मंजिरी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पार्सल काल संध्याकाळी पोचलं. ताट बाहेर काढून खिडकीपाशी धरलं. काय चमक आणली आहेस गं! खालची करडी माती, त्यातले बारीक ठिपके, सगळं पाण्याखाली असावं तसं दिसतं. पण खानावळीची ६० ताटं पंधरा दिवसांत द्यायची आहेत हे वाचलं आणि जीव धास्तावला. म्हणून आधी तेच सांगते, ती ताटं इतक्यात देऊ नकोस.

तुझ्या ताटावर मी काळी शाई चोळली. दहा मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसली. मधली सगळी साफ निघाली, पण काठाजवळ केसाएवढ्या रेघांचं जाळं उरलं. नुसत्या डोळ्यांना आधी ते दिसतच नव्हतं. भट्टी उघडल्यावर ताटं टिंग टिंग वाजत होती आणि ते ऐकायला गोड वाटत होतं, असं तू लिहिलं आहेस. मंजू, तो ग्लेझ, म्हणजे वरचा काचेचा थर, तडकण्याचा आवाज असतो.

तुला कधी सांगितलं नव्हतं, माझ्या हातून हेच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी मी २२ वाडगे विकले. भट्टीतून निघाले तेव्हा एकही रेघ नव्हती. पावसाळा सरला आणि एक बाई वाडगा घेऊन आल्या. आत हळदीची पिवळी जाळी पडली होती, आणि पालथा केला तर तळाच्या कोऱ्या कडेला तेलाचा डाग. त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या. "यात नातीला वरणभात भरवते, चालेल ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मला त्यांच्याकडे बघवेना. फोन करकरून सगळे वाडगे परत घेतले.

कारण एका जागी नव्हतं. गोणीवर स्टोनवेअर (जास्त आचेवर घट्ट भाजणारी माती) लिहिलं होतं, पण ती १२८० अंशांना पक्की होणारी, आणि मी भाजत होते त्याहून कमी, ६ नंबरच्या कोनला, म्हणजे ठराविक आचेला वाकणाऱ्या त्या भट्टीतल्या सुळक्याच्या मापाला. ग्लेझ न लावलेला भाजका तुकडा कोरडा वजन केला, दोन तास उकळला, रात्रभर पाण्यात ठेवला, पुसून पुन्हा वजन केला. १०० ग्रॅमला साडेचार ग्रॅम पाणी प्यायला होता! अशी माती हवेतला ओलावा घेऊन हळूहळू फुगते आणि वरची काच ताणून फाडते. तुझ्याकडे तर कोकणातला पाऊस. जेवणाच्या भांड्याला मी आता २ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. आधी तुझ्या मातीचा हा आकडा काढ, ग्लेझचं नंतर बघू.

दुसरा दोष ग्लेझचा. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की तडकतं, आणि सगळ्यात जास्त आकसायला लावतात सोडियम आणि पोटॅशियम, म्हणजे आपलं लाडकं फेल्डस्पार. माझं जुनं मिश्रण १०० भागांत असं होतं: पोटॅश फेल्डस्पार ४२, कॅल्शियमवालं बोरॅक्स फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) २०, व्हायटिंग (खडूची पूड) १२, चायना क्ले १४, क्वार्ट्झ १२. आता फेल्डस्पार ३०, फ्रिट २०, वोलास्टोनाइट (कॅल्शियम आणि सिलिका असलेलं खनिज) १२, शंखजिरं ४, चायना क्ले १६, क्वार्ट्झ १८. शंखजिऱ्यातलं मॅग्नेशियम आणि क्वार्ट्झमधून वाढवलेली सिलिका, दोन्हींमुळे आकसणं कमी होतं. व्हायटिंग भाजताना वजनाच्या ४४ टक्के वायू सोडतं, त्याचे बुडबुडे अडकून पारदर्शक ग्लेझ दुधाळ दिसतं. कॅल्शियम वोलास्टोनाइटमधून घेतलं तर तो त्रास कमी. आपल्याकडे राजस्थानातून चांगलं येतं. पण हे तसंच्या तसं उचलू नकोस. तुझी माती वेगळी, तुझं फ्रिट वेगळं. फ्रिटवाल्याकडून पृथक्करणाचा कागद माग आणि सेगर सूत्र, म्हणजे ग्लेझमधल्या घटकांचं रेणूंच्या हिशेबातलं प्रमाण, मांडून बघ. माझ्या मिश्रणात फ्लक्स (ग्लेझ वितळवणारी द्रव्यं) १ धरलं तर अॅल्युमिना ०.४०, सिलिका ३.७ आणि बोरॉन ०.२३ च्या आसपास येतं. सिलिका एकदम भरमसाट वाढवू नकोस, दोन-दोन टक्क्यांनी वाढव. फार पुढे गेलीस तर उलटं होतं, काठावरून काचेचे टवके सुटतात. ते जेवणात जाणं रेघांपेक्षा भयंकर. आणि कोरडी पूड कालवताना मास्क लाव, क्वार्ट्झची धूळ फुफ्फुसातून परत निघत नाही.

भट्टीच्या मीटरवर विसंबू नकोस. तासाला ६० अंशांनी चढवलं तर ६ नंबरचा कोन १२२२ ला वाकतो, १५० नं चढवलं तर १२४३ ला. मी वरच्या, मधल्या आणि खालच्या, तिन्ही फळ्यांवर कोन ठेवते. खालची फळी कच्ची राहिली तर तिथलं ग्लेझ चमकतं, पण आम्लापुढे टिकत नाही.

चमकीनं मी स्वतः फसले आहे, म्हणून आता मी लिंबाला विचारते. ग्लेझ लावून भाजलेल्या चाचणीच्या टाइलवर लिंबाची चकती रात्रभर ठेवायची, सकाळी धुऊन तिरप्या उजेडात बघायचं. चकतीच्या जागी जराशी मंद गोल खूण दिसली तरी ते ग्लेझ बाद. मग दुसरी टाइल अर्धी बुडेल अशी ४ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये तीन दिवस. तिसरी धुण्याच्या सोड्यात, लिटरला ५० ग्रॅम, मंद आचेवर सहा तास, कारण खानावळीत भांडी कशानं घासतील ते आपल्या हातात नाही. चौथी फ्रीझरमधून काढून थेट उकळत्या पाण्यात, असं पाच वेळा, आणि पुन्हा शाई. हे सगळं करून टाइल महिनाभर ठेवून दे आणि मग परत शाई लाव. माझ्या वाडग्यांच्या वेळी हा महिनाच मी थांबले नव्हते.

शिशाचं तू विचारलंस. शेंदूर, मुर्दाडशिंग असलं शिशाचं काही कारखान्यात येऊच देऊ नकोस. ६ नंबरला ग्लेझ वितळवायला बोरॉन असताना शिशाची गरजच नाही. ताटांच्या काठाला तांब्याचा हिरवा रंग देणार आहेस ना? मग नुसत्या पारदर्शक टाइलवर भागणार नाही, तांबं आम्लात सहज सुटतं. हिरवा काठ असलेलं पुरं ताट प्रयोगशाळेत पाठव आणि शिसं, कॅडमियमबरोबर तांबंही मोजायला सांग. मला विचारशील तर या ६० ताटांच्या काठाला हिरवा रंग देऊच नकोस, नुसतं पारदर्शक ग्लेझ ठेव. त्यात सोलकढी वाढणार, माशाचं आंबट तिखट वाढणार.

खानावळवाल्या काकूंना मी फोन करू का? दीड महिना मागून घेऊ, त्यांना खरं कारण सांगू. आजींची लोणच्याची बरणी आठवते ना? वर्षानुवर्षं मीठ-आंबा पोटात घेऊन बसायची आणि आत एक डाग नसायचा.

तुझ्या मातीचा दोन किलो गोळा कुरियरनं पाठव. १०, १८ आणि २२ टक्के क्वार्ट्झच्या टाइल्स माझ्या पुढच्या भट्टीत लावते, २० तारखेला लावायची आहे. काकांच्या गुडघ्याचं कळव.

तुझीच,
शोभा