डबा कोणाबरोबर खातेस?

वाई, रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

"आई, आता मी डबा वर्गातच खाते," असं काल फोनवर म्हणालीस आणि लगेच बाबांच्या गुडघ्याचं विचारलंस. रात्रभर मला त्या डब्याचंच.

तू गुरुजींना बोललीस ते बरोबरच होतं, हे आधी लिहिते. पहिलीतलं पोर पावरीत बोललं म्हणून त्यांनी छडी मारावी? धडगावच्या डोंगरात घरीदारी पावरीच बोलतात, त्या लेकराला जूनमध्ये मराठी कुठून येणार? मारायला, घालूनपाडून बोलायला शिक्षण हक्क कायद्यानं 2010 पासून बंदी आहे. पण ते कलम 17 तू सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवलंस. वीस वर्षं तिथं काढलेल्या माणसाला केवढं लागलं असेल. आणि तू अजून शिक्षणसेवक, कायम व्हायला तीन वर्षं पूर्ण व्हायची आहेत. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी लिहिलंच.

माझ्या पहिल्या शाळेत एका मुलाला अंघोळ केली नाही म्हणून परिपाठाला सगळ्यांपुढे उभं केलं होतं. मी नवी होते, गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. दोनदा घरी जाऊन आले, तरी तो पुन्हा शाळेत आलाच नाही. त्याच्या नावापुढे रोज गैरहजेरी मांडायची मीच. हे बाबांनाही कधी सांगितलेलं नाही. तेव्हा तुला गप्प बस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फक्त एकटी पडू नकोस. आपल्या साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या गटातल्या, शाळांची शिकवण्याची नवी पद्धत बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे, तेव्हा मीही गेले होते. रंगवलेल्या फरश्या सगळ्यांनी पाहिल्या. मला आठवतं ते तिथल्या एका बाईंचं दुसऱ्या बाईंच्या वर्गात जाऊन "हे तुम्ही कसं घेता?" असं सहज विचारणं. आमच्या शाळेत असं विचारणं म्हणजे कमीपणा वाटायचा.

गुरुजींना पावरी छान येते, असं तूच म्हणाली होतीस ना? मग पहिलीच्या पुस्तकातले शब्द घेऊन त्यांच्याकडेच जा, पावरीत काय म्हणतात विचार. परिपाठात आठवड्याला एक गोष्ट पावरीत होऊ दे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यातल्या एखाद्या आईला गोष्ट सांगायला बोलवा. छडीच्या बाबतीत मात्र तसूभर मागे येऊ नकोस. पुन्हा हात उचलला तर मुख्याध्यापकांना लेखी दे.

माफ कर बाळा. तू काही विचारलं नव्हतंस, मीच शिकवत बसले.

तू चौथीत असताना वीटभट्टीवरची एक मुलगी आली होती. तिच्याशेजारी कोणी बसेना. तू दप्तर उचलून तिच्याजवळ गेलीस आणि दोघींनी मिळून तुझा डबा खाल्लात. मी व्हरांड्यातून पाहत होते. त्या दिवशी घरी येऊन तुला जवळ घ्यायचं राहूनच गेलं.

बाबांचा गुडघा बरा आहे. ओढ्याला पाणी असेल तर पलीकडे जायचं धाडस करू नकोस.

शेंगदाण्याची चटणी पाठवतेय, या वेळी किलोभर. उद्या बरणी घेऊन स्टाफरूममध्ये जा आणि टेबलावर मधोमध ठेव. आधी गुरुजींना वाढ. मग डबा कुठे खाल्लास ते मला संध्याकाळी कळव. मी फोनजवळच असेन.

तुझी,
आई