फ्लायशर नाइलाजाने शिक्षक झाले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्यावर लेख दिलात, त्याबद्दल आभार. मराठी दैनिकात या विषयाला एवढी जागा क्वचितच मिळते. पण ‘उजव्या हाताला लकवा मारला आणि नाइलाजाने शिकवण्या धराव्या लागल्या’ हे वाक्य वाचून गप्प बसवले नाही. त्यातली दोन्ही विधाने चूक आहेत.

लकवा नव्हता. आजाराचे नाव फोकल डिस्टोनिया. लकव्यात स्नायू हलत नाही. इथे तो नको तेव्हा आवळतो. वाजवायला घेतले की फ्लायशर यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी तळव्यात मुडपत. वरच्या पट्टीतली सुरावट बहुतेक याच दोन बोटांवर असते, सप्तकाच्या जोडसुरातला वरचा सूर करंगळीचा. त्यामुळे बाकीची तीन बोटे शाबूत असूनही वादन जमत नाही. बिघाड मेंदूकडून बोटांना जाणाऱ्या हुकमात असतो. म्हणून रेटून रियाज केला की तो बळावतो. नव्वदच्या दशकात त्यांना गुण आला तो मुख्यतः बोटॉक्सने, म्हणजे आवळलेला स्नायू सैल करणाऱ्या औषधाने. बोटे मिटणारे स्नायू कोपराखालच्या भागात असतात, सुई तिथे टोचतात. औषध जास्त झाले तर बोटच लुळे पडते, कमी झाले तर ते पुन्हा मुडपते, आणि तीन-चार महिन्यांत असर उतरतो. तुमच्या लेखात ‘पूर्ण बरे झाले’ असे आहे, तेही खरे नाही.

आता शिकवण्याचे. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत ते १९५९ पासून शिकवत होते. बोटांनी दगा दिला १९६४ च्या सुमारास. आधी काय आणि नंतर काय, हे नुसत्या सनावळीवरून कळले असते. त्यांचे गुरू आर्टुर श्नाबेल, श्नाबेलचे लेशेटित्स्की, त्यांचे चेर्नी, चेर्नीचे बेथोव्हन. घराणे आणि तालीम म्हणजे काय हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे मुद्दाम सांगायला हवे होते. एकाला शिकवताना बाकीच्या शिष्यांनी बसून ऐकायचे, ही श्नाबेलची रीत फ्लायशर यांनीही चालवली. उजव्या हाताने वाजवून दाखवता येईना, तेव्हा प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगावी लागली: हा सूर पुढच्या सुराकडे का झुकतो, ठेका कुठे धरायचा, कुठे सोडायचा. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, जोनाथन बिस हे नामवंत पियानोवादक त्यांचे विद्यार्थी. याला ‘शिकवण्या’ म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

आणि छायाचित्र! ते उलटे छापले आहे. ग्रँड पियानोची सरळ कड वाजवणाऱ्याच्या डावीकडे आणि वळणदार कड उजवीकडे असते. तुमच्या चित्रात नेमके उलट दिसते. खाली ओळ आहे ‘रॅव्हेलचा डाव्या हातासाठीचा कंचेर्टो वाजवताना’ (वाद्यवृंदासह एकट्या डाव्या हाताने वाजवायची रचना), आणि वर फ्लायशर उजव्या हाताने वाजवत आहेत, डावा मांडीवर! त्या हाताने तो कंचेर्टो वाजवता आला असता तर लेखाला विषयच उरला नसता.

येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी, छायाचित्र सुलट करून. कोपऱ्यात दोन ओळींची नको.

आपला,
पियानोचा एक शिक्षक, पुणे