घरासाठी आई-वडिलांचे पैसे : कर नाही, पण कागद हवा

महोदय,
मुलाच्या घरासाठी निवृत्तीची पुंजी मोडणारे आई-वडील आज घरोघरी आहेत. आयकराच्या भीतीने त्यांतले काही जण ही रक्कम रोखीने देतात, तेव्हा जीव तुटतो. आई-वडिलांनी मुलाला कितीही रक्कम भेट दिली, तरी त्यावर दोघांनाही कर नाही. सख्ख्या काकांनी दिली तरी नाही. चुलतभाऊ मात्र कायद्याच्या नातेवाईकांत बसत नाही. त्याच्यासारख्यांकडून वर्षभरात 50 हजारांवर रक्कम आली, तर ती सगळीच करपात्र ठरते.

धोका आहे तो रोखीत. एका दिवसात एकाच व्यक्तीकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. इथे वडील-मुलगा या नात्याचीही सवलत नाही! म्हणून पैसे चेकने किंवा आरटीजीएसने द्यावेत आणि साधे भेटपत्र करावे : रक्कम, तारीख, नाते, चेक क्रमांक, दोघांच्या सह्या. पुढे नोटीस आली, तर हाच कागद कामी येतो.

सुनेच्या नावे रक्कम देणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. त्या पैशातून घेतलेले घर भाड्याने दिले, तर ते भाडे सासऱ्यांच्या उत्पन्नात धरले जाते. लेकीला दिले तर तसे होत नाही.

गृहकर्ज देताना अर्जदाराने स्वतःच्या हिश्श्याची रक्कम कुठून आणली, हे बँका विचारतातच. त्याच वेळी या नियमांचे मराठीतले एक पान त्यांनी अर्जदाराच्या हाती द्यावे.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली