खोटी नोटीस आणि खरी नोटीस

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया, सादर नमस्कार.

गेल्या महिन्याच्या ११ तारखेला मोबाइलवर मेसेज आला : ‘आपला १८,३६० रुपयांचा आयकर परतावा मंजूर. खाते क्रमांक जुळत नाही, दुरुस्त करा.’ खाली लिंक. मी रिफंडची वाट बघतच होतो, आकडाही साधारण तेवढाच. पान उघडलं तर वर तीन सिंह, खाली सत्यमेव जयते, आणि माझं नाव नि पॅन आधीच भरलेलं. पत्त्यात ‘इन्कमटॅक्स’ होतं, पण शेवटी सरकारी साइटचं ‘जीओव्ही डॉट इन’ नव्हतं, हे संध्याकाळी जावयाने दाखवलं. मोबाइलच्या वरच्या पट्टीत पत्त्याचं शेपूट मावतच नाही, चष्मा लावून काय दिसणार? ओटीपी दिला. ६२,४०० रुपये गेले. त्यातले ४० हजार हिच्या मोतीबिंदूसाठी बाजूला काढलेले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात, हे मला बँकेच्या तिसऱ्या खिडकीवर कळलं. तोवर साडेतीन तास उलटले होते. मग साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक पुढे केलं : ओटीपी तुम्हीच दिलात, तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं. चौकीवर हवालदाराने वय विचारलं. ७१ म्हटल्यावर तो नुसता ‘हं’ म्हणाला. ते ‘हं’ मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

पुढची गंमत ऐका. नऊ दिवसांनी मेल आला : तुमचं रिटर्न सदोष आहे, कलम १३९(९), १५ दिवसांत उत्तर द्या. दुधाने तोंड पोळलेलं, मी तो उडवून टाकला. तो खरा निघाला! एफडीवरचा टीडीएस, म्हणजे बँकेने आधीच कापलेला कर, परत मागितला आणि व्याज दाखवायचं राहिलं, ही चूक माझीच. पण खोट्याला खरं मानलं तर पैसे गेले, खऱ्याला खोटं मानलं तर मुदत गेली. मी करायचं तरी काय होतं?

तुमचं उत्तर मला आता पाठ आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रांवर ‘डिन’ हा त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि पत्र खरं की खोटं हे त्यावरून पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतं. झकास सोय. आमच्या ७२ बिऱ्हाडांच्या सोसायटीत विचारत फिरलो, एका सीएखेरीज कुणाला ठाऊक नाही. देशात शंभरातल्या नव्वदांना नसेल. आकडा चुकला असेल तर तुम्हीच दुरुस्त करा, तुमच्याकडे माणसं आहेत. रिफंडच्या मेसेजात लिंक कधीच घालायची नाही, एवढा नियम करा आणि डिन काय ते मराठीत लिहून बँकाबँकांत लावा. मागणं संपलं.

२०२० साली प्रामाणिकांचा सन्मान म्हणून फेसलेस कारभार आणलात. साहेबाचा चेहरा दिसेना, चोराचाही दिसेना. पूर्वी आयकराच्या ऑफिसात कागद घेऊन जाता यायचं. क्लार्क खेकसायचा, पण निदान खरा असायचा.

आणि माझं पॅन त्या चोराला दिलं कुणी? सिमकार्डाला झेरॉक्स, गॅसला झेरॉक्स, लोणावळ्याच्या हॉटेलात झेरॉक्स. माहिती जपायचा कायदा २०२३ ला केलात म्हणे. वीज आज रात्री साडेनऊला तोडणार, केवायसी संपली, पार्सल अडकलं : उठल्यापासून झोपेपर्यंत हेच खोटे मेसेज. पेन्शनीतून टॅक्स कापताना सरकारला माझा पत्ता बरोब्बर सापडतो, कधी एक रुपया इकडचा तिकडे नाही. लुटला गेलो की मात्र ‘आजोबा, सावध राहायला हवं होतं’. ३५ वर्षं खडकीला नोकरी केली, एकदाही रिटर्न उशिरा भरलं नाही. ही म्हणते, त्याचंच हे बक्षीस.

डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ढकललंय.

उत्तर द्यायचं मनात आलंच तर पोस्टाने द्या. आमचा पोस्टमन मला चेहऱ्याने ओळखतो.

आपला,
एक करदाता
सहकारनगर, पुणे