मीठ कमी आहे

अंजर्ले, ता. दापोली
१८ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घर झाले, मुलगा मार्गी लागला, गुडघ्यांखेरीज शरीराची तक्रार नाही आणि तरीही कशातच मन लागत नाही, असे तू लिहितोस. आणि शेवटी, 'तुझे बरे आहे, दाराशी समुद्र आहे', असेही. आधी या समुद्राचे सांगतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने आमची वाडी एका दुपारात आडवी केली, हे तू पाहून गेला आहेस. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट उपटले, घरावरची कौले शेजारच्या विहिरीत सापडली. पण त्या दिवसांत मी खचलो नव्हतो. ओंडके ओढणे, पंचनामे, कौलांची शोधाशोध यांत पावसाळा कसा गेला ते कळलेही नाही. खचलो ते वर्ष उलटल्यावर, नवी रोपे लावून झाली आणि भेटेल तो 'सावरलात म्हणायचे' असे म्हणू लागला तेव्हा. पहाटे तीनला जाग यावी आणि मग उजाडेपर्यंत वाशांकडे पाहत पडावे, असा क्रम सुरू झाला. समुद्र पाचशे पावलांवर होता, आणि सात-आठ महिने मी तिकडे फिरकलो नाही.

हिने डॉक्टरांचे नाव काढले तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. आपल्याकडे 'याला रत्नागिरीला धाडा' हे वाक्य थट्टेत किती सहज येते, तुला ठाऊक आहे. तिथले मनोरुग्णालय १८८६ सालचे आणि त्याच्या नावाची धास्तीही जवळजवळ तितकीच जुनी. डॉक्टरांनी मात्र झोप, भूक, वजन एवढेच शांतपणे विचारले, आणि हे नैराश्य आहे, कृतघ्नपणा नव्हे, असे सांगितले. (चांगले घरदार असताना रडण्याची मला लाजच वाटत होती, ती त्यांनी कशी ओळखली कोण जाणे.) गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील आणि बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, असेही बजावले.

आता तुला सांगायची गोष्ट. मला बरे वाटू लागल्याचे मला कळलेच नाही, ते हिला कळले. एका रात्री कुळथाचे पिठले-भात जेवताना मी म्हणालो, "मीठ कमी आहे." ही डाव हातात तशीच धरून उभी राहिली, आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. कित्येक महिने मी पानात पडेल ते मुकाट्याने गिळत होतो. अळणी काय आणि खारट काय, मला सारखेच होते. तिने नंतर सांगितले, की मुद्दाम नव्हे पण खरोखरच त्याआधी दोनदा आमटीत मीठ घालायचे राहिले होते आणि मी चकार शब्द काढला नव्हता.

तेव्हापासून 'मी सुखी आहे का' हा प्रश्न मी स्वतःला विचारणे सोडले. त्याचे उत्तर मन दर वेळी वेगळे देते. त्याऐवजी कशाकशाची कुरकुर करायची आपण थांबवली आहे, ते पाहतो. शिंपणाला पाट नीट वळला नाही म्हणून मी चिडतो, हर्णैच्या लिलावात सुरमईचा भाव ऐकून हळहळतो, शेजारचे तात्या रोज संध्याकाळी ओटीवर येऊन तीच वादळाची कथा सांगतात तिला कंटाळतो, आणि एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर दोनदा बेड्यापर्यंत (वाडीच्या फाटकापर्यंत) जाऊन पाहतो. वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी तिघींना यंदा पोय (फुलोरा) आली. आनंद झाला, पण तो पिठल्याच्या रात्रीइतका नाही.

म्हणूनच तुझे पत्र मी तीनदा वाचले. चाळीस वर्षांत तुझे एकही पत्र लोकलची गर्दी, नळाचे पाणी आणि सूनबाईचा पांचट चहा यांच्याविना आलेले नाही. या वेळी त्यांतले एक अक्षरही नाही. तू फार समंजस झाला आहेस, आणि तेच मला बरे लक्षण वाटत नाही.

डॉक्टरांकडे जा. लगेच जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन कर. ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते आणि रात्रीसुद्धा कोणीतरी उचलते. मग शिमग्याला इकडे ये. तात्यांची कथा तुलाही ऐकावी लागेल. आणि उत्तर लिहिशील त्यात चहाचे काय ते अवश्य लिही.

तुझा,
बाळमित्र