काढ्यांच्या यादीत राहून गेलेली ओळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत अंगावरून पांढरं जाण्यावरचे घरगुती उपाय वाचले. हा विषय छापलात, बरं केलंत. पण तांदळाचं धुवण, लोध्राचं चूर्ण, मेथीचं पाणी, कडुनिंबाच्या काढ्याने धुणं एवढं सगळं सांगताना दवाखान्यात कधी जायचं, याची एक ओळही नव्हती.

दोन पाळ्यांच्या मधे पातळ, बिनवासाचं पांढरं जाणं हा आजार नव्हे. ते आपोआप कमी होतं आणि श्रेय धुवणाला मिळतं. धुवण प्यायला माझी हरकत नाही, पोटात तांदळाचं पाणीच जातं. पण दह्याच्या कवड्यांसारखं जात असेल आणि खाज असेल, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. तो पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. पिवळं-हिरवं जातंय, ओटीपोट दुखतंय, अशा वेळी अनेकदा नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. आपल्याकडे काढा मात्र एकटी बाईच पीत बसते!

कडुनिंबाच्या किंवा तुरटीच्या पाण्याने आतून धुण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये. योनीमार्गात मुळातच आम्लता असते, तिथले उपयोगी जंतू ती टिकवतात आणि संसर्ग रोखतात. धुऊन धुऊन आपण तेच घालवतो. पांढरं जाण्यावर अशोकाच्या सालीचा काढाही सांगतात, तिथेही सावध राहावं. सोसायटीच्या कुंपणाला लावलेलं सरळसोट उंच झाड म्हणजे औषधातला अशोक नव्हे. खरा सीता अशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. सालीत भेसळ होते ती याच उंच झाडाची.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. बाकीच्या अंगावर काढत होत्या. आज रस्ते झाले, मोबाइल आले, तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून जिरे-खडीसाखर खाऊन गप्प बसणाऱ्या बायका मी नोकरीत शेवटपर्यंत पाहिल्या. सरकारी दवाखान्यात या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचं औषधाचं किट मोफत मिळतं, हे त्यांतल्या कितीतरी जणींना ठाऊक नसायचं.

पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचा स्राव, यांपैकी काहीही असेल तर काढा उकळत बसू नये. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही हीच लक्षणं असतात. ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत त्याची तपासणी होते, व्हिनेगरसारखं द्रावण लावून काही मिनिटांत.

पुढच्या वेळी असे उपाय छापाल तेव्हा ही लक्षणं चौकटीत द्यावीत, आणि ती चौकट काढ्यांच्या यादीच्या वर असावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, कराड